मनीऑर्डर, पट्टी आणि वाटा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात १९८७च्या दहावीच्या तुकडीतील एका विद्यार्थिनीने केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे. – संपादक मंडळ)



समितीच्या मंडळींनी मला फोन केला तेव्हा म्हणाले, "तू तीस वर्षं बँकेत काढलीस, तर पैशाबद्दल बोल. पण कुठे गुंतवा ते सांगू नकोस, आणि पंचवीस मिनिटांच्या वर जाऊ नकोस, मागे जेवणाची पानं मांडलेली असतात." दोन्ही अटी मला मान्य आहेत. पैसे कुठे ठेवावेत याबद्दल मी आज एक शब्दही बोलणार नाही. आपण पैशाशी जसं वागतो तसं का वागतो, एवढंच बोलणार आहे. आणि त्याचं उत्तर माझ्या मते बँकेत सापडत नाही. ते जामसंड्यात, आपापल्या घरात सापडतं.

लहानपणी काही मागितलं की प्रत्येक घरात एक वाक्य ठरलेलं होतं. "पैशे काय झाडाक लागतत?" महाराष्ट्रात सगळीकडे हे वाक्य म्हणतात. पण देवगड तालुक्यात ते म्हणणं म्हणजे जरा गंमतच, कारण आपल्याकडे पैसे खरोखर झाडाला लागतात. फक्त ते वर्षातून एकदा लागतात, मोहोर टिकला तर लागतात, आणि ज्याच्याकडे झाड आहे त्यालाच लागतात. ज्याच्याकडे झाड नाही त्याचे पैसे पोस्टमन आणायचा, नाहीतर समुद्र द्यायचा. आमच्या वर्गात हे तिन्ही प्रकारचे पैसे एकाच बाकावर बसायचे. गणिताचं पुस्तक एकच होतं, पण घरी शिकवला जाणारा हिशेब तीन प्रकारचा होता. आज आपण पन्नाशी ओलांडली, कोणी पुण्याला, कोणी ठाण्याला, कोणी आखातात जाऊन आलं, तरी तो घरचा हिशेब आपल्याला सुटलेला नाही. मला वाटतं, आपल्यातली निम्मी भांडणं त्या हिशेबाची आहेत.

पहिला हिशेब मनीऑर्डरचा. तो माझ्या घरचा.

आपल्या देशात टपाल खात्याने मनीऑर्डर सुरू केली १८८० मध्ये. आणि आपल्या किनाऱ्यावरची माणसं जशी मुंबईच्या गिरण्यांत जाऊ लागली, तशी ती मनीऑर्डर आपल्या गावांचा महिना ठरवू लागली. आपला जिल्हा १ मे १९८१ला वेगळा झाला, त्याआधी आपण रत्नागिरीत होतो. पण नाव रत्नागिरी असो की सिंधुदुर्ग, अर्थशास्त्राच्या पुस्तकात आपली ओळख मनीऑर्डरवर चालणारा मुलूख अशीच होती. बाप मुंबईत लालबाग-परळच्या एका खोलीत, एकाच गावच्या पंधरा-वीस जणांबरोबर, पाळीपाळीने झोपायचा. जेवण खानावळीत. खानावळ चालवणारी बाईही बहुतेक आपल्याचसारख्या घरातली. तीही वाण्याकडून उधारीवर तांदूळ उचलायची आणि पगाराच्या दिवशी कामगारांकडून महिन्याचे पैसे घ्यायची. अशा बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून द्यावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. ज्या खानावळीच्या जोरावर आपले बाप जेवले, तिचाही संसार महिन्याच्या पगारावर टांगलेला होता, हे आपण फारसं लक्षात घेत नाही.

मनीऑर्डरच्या घरातली मुलं एक गोष्ट फार लवकर शिकली. पैसे येण्याआधीच संपलेले असतात. पोस्टमन दारात यायच्या आधीच आईने बोटांवर सगळं मोजलेलं असायचं. दुकानदाराचे इतके, फीचे इतके, आजीच्या औषधाचे इतके. फॉर्मच्या खालच्या चिठोऱ्यावर बाबा दोन ओळी लिहायचे, त्यातही बहुतेक पैशाचाच मजकूर. शेजारच्या काकी कुंपणावरून विचारायच्या, "मुंबयसून इली काय गे?" काय आली ते सांगावं लागायचं नाही.

या घरांत पैशाबद्दल मोठ्याने बोलत नसत. कारण कमावणारा माणूस समोर नव्हता, आणि जो समोर नाही त्याच्या कमाईची चर्चा करणं बरं दिसत नसे. बाबा किती कमावतात हे मला दहावीपर्यंत माहीत नव्हतं. ते कसे राहतात हेही माहीत नव्हतं. फक्त ते गणपतीला आणि शिमग्याला येताना हातात पिशव्या घेऊन येतात, एवढं माहीत होतं. मुंबईत रोजचा चहा मोजून पिणारा माणूस गावात आला की आठ दिवस हात सैल सोडायचा. पुढे बँकेत मी अशी कितीतरी माणसं पाहिली, जी वर्षभर स्वतःवर रुपया खर्च करत नाहीत आणि गणपतीत कर्ज काढून चौरंग सजवतात. बाहेरच्याला ही उधळपट्टी वाटते. मला त्यात अकरा महिने घराबाहेर राहिलेला माणूस दिसतो. घरात आपली जागा अजून आहे हे त्याला आठ दिवसांत दाखवायचं असतं.

मग १९८२ साल आलं. १८ जानेवारीला, सोमवारी, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. आम्ही तेव्हा पाचवीत. पहिले दोन महिने गावात कोणी काही बोललं नाही. होळीला माणसं आली आणि परत गेलीच नाहीत. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा वर्गात मुंबईची चार-पाच नवी मुलं होती, ज्यांना आमची मालवणी कळायची पण बोलता यायची नाही. त्यांतली काही आज इथे बसली आहेत. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. काही गिरण्या पुन्हा सुरू झाल्या, पण हजारो माणसांना परत घेतलं गेलं नाही. माझे वडील त्यांतले एक. ते एक पत्र्याची पेटी घेऊन घरी आले आणि दुसऱ्याच्या बागेत फवारणीला, हंगामात आंबे भरायला जाऊ लागले. गावातल्या दुकानदाराने आमच्या नावाची वही बंद केली नाही आणि मागणीही केली नाही, म्हणून आम्ही जेवलो. बाईंनी माझी सहलीची वर्गणी स्वतः भरली होती, हे मला त्या निवृत्त झाल्यावर कळलं. बाई आज इथे आहेत, म्हणून सांगितल्याशिवाय राहवत नाही.

ज्या मुलांनी ते वर्ष पाहिलं, त्यांच्या डोक्यात एक गोष्ट कायमची बसली. नोकरी कितीही पक्की असली तरी ती एखाद्या सोमवारी बंद होऊ शकते. आमच्यातले कित्येक जण आजही घरात तीन महिन्यांचा तांदूळ भरून ठेवतात. कर्ज शब्द ऐकला की पोटात गोळा येतो. मुलाला सांगतात, सरकारी नोकरी बघ. मुलगा हसतो. त्याने तो सोमवार पाहिलेला नाही.

दुसरा हिशेब आंब्याचा. तो माझ्या सासरचा.

आंब्याच्या घरात महिना नसतो, वर्ष असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पैसे बाहेर जायला लागतात. साफसफाई, फवारणी, तुडतुड्यांसाठी पुन्हा फवारणी, राखणदार, पेट्या, गवत. आत काही येत नाही. म्हणून दलालाकडून हंगामाआधी उचल घ्यायची, आणि ज्याची उचल त्याच्याकडे माल पाठवायचा. आधी क्रॉफर्ड मार्केटला, नंतर वाशीला. मग काही दिवसांनी पट्टी यायची. इतक्या डझनांच्या इतक्या पेट्या, हा दर, त्यातून हमाली वजा, भाडं वजा, दलाली वजा, उचलीचे वजा. दर कोणी ठरवला, कसा ठरवला, हे बागायतदाराला पट्टी वाचूनच कळायचं. स्वतःच्या मालाची किंमत दुसऱ्याच्या हस्ताक्षरात वाचायची, अशी ती रीत.

अशा घरातलं मूल काय शिकतं? ते शिकतं की पैसे घाम गाळून येतात हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं आभाळाच्या हातात. २००९च्या नोव्हेंबरात फयान आलं, २०२१च्या मे महिन्यात तौक्ते आलं. झाडावरचा आंबा एका रात्रीत जमिनीवर. कष्टात काही कमी नव्हतं. म्हणून या घरांत नुकसान झालं की फार त्रागा करत नाहीत आणि फायदा झाला की फार दिवस जपून ठेवत नाहीत. मे महिन्यात हातात पैसा असतो तेव्हा वर्षाचा तांदूळ, पावसाळ्याची सुकी मासळी, मुलांची पुस्तकं, घराची कौलं, जमलं तर एखादा सोन्याचा डाग, सगळं एकदम. ज्याला वर्षातून एकदाच पगार मिळतो तो एकदाच बाजार करणार. ऑगस्टमध्ये खिसा रिकामा असला तरी हा माणूस शांत असतो, कारण त्याच्या लेखी ऑगस्ट रिकामाच असायचा असतो.

आता विचार करा, मनीऑर्डरच्या घरातली मुलगी आंब्याच्या घरात सून म्हणून गेली की काय होत असेल. मी महिन्याच्या पगारातून पाकिटं करायची. दूध, वीज, फी, आजारपण. आमच्या ह्यांना ती पाकिटं म्हणजे पोरखेळ वाटायचा. ते मे महिन्यात एकदम मोठी खरेदी करायचे, मला ती उधळण वाटायची. मी कर्जाला भ्यायची. त्यांना उचल म्हणजे शेतीचाच एक भाग, जसं खत, तशी उचल. आमच्यात फ्रीज घेण्यावरून जेवढे दिवस अबोला होता तेवढा दुसऱ्या कशावरून झाला नाही. गोष्ट फ्रीजची नव्हती. माझ्यामागे १९८२ साल उभं होतं आणि त्यांच्यामागे त्यांच्या आजोबांची बाग. दोन माणसांच्या भांडणात दोन गावं, दोन व्यवसाय, दोन पिढ्या बोलत होत्या. हे एकदा दोघांच्या ध्यानात आलं, तेव्हा मार्ग सोपा निघाला. आंब्याच्या पैशातून वर्षाची बाजारहाट त्यांनी करायची, माझ्या पगारातून महिन्याचा खर्च मी चालवायचा. अजूनही तसंच आहे.

तिसरा हिशेब समुद्राचा. आमच्या वर्गात देवगड बंदराकडची, मिठमुंबरी-तांबळडेगकडची मुलंमुली होती. त्यांच्या घरात महिनाही नव्हता आणि वर्षही नव्हतं, रोजचा दिवस होता. आणि एक शब्द होता, वाटा. रापण ओढताना ज्यांनी पाहिलं असेल त्यांना आठवेल. होडीने जाळं अर्धगोल टाकत जायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे. जाळं बाहेर आलं की मासळीचे वाटे पडायचे. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, माणसांचे वाटे. आणि जाता जाता ज्याने दोराला हात लावला त्यालाही कालवणापुरती मासळी मिळायची. तिथे वाढलेल्या मुलाला एकट्याची कमाई ही कल्पनाच जरा परकी असते. त्याच्याकडे आलेलं चार घरांत जातं, चार घरांतलं त्याच्याकडे येतं. बँकेच्या भाषेत त्याची शिल्लक शून्य. पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा त्याला कोण धान्य देईल हे त्याला पक्कं माहीत असतं. ती त्याची ठेव, फक्त तिचं पासबुक नाही.

आणखी एक. त्या घरांत मासळी विकायची आई. पैसे तिच्या कनवटीला. म्हणून आमच्या वर्गातल्या बंदराकडच्या मुली भावताव करताना, हिशेब करताना, नाही म्हणताना कधी अडखळल्या नाहीत. आम्हा बाकीच्यांच्या आया काजूबी, अंडी, सोलं विकून चार पैसे जमवायच्या आणि तांदळाच्या डब्यात लपवायच्या. कमाई दोघींचीही होती. एक उघड मोजली जायची, दुसरी लपवली जायची. त्या दोन आयांच्या मुली आज पन्नास वर्षांच्या आहेत, आणि बँकेच्या काउंटरवर त्या येतात तेव्हा मला बघताक्षणी कळतं कोणती कुठल्या घरातली.

सरांच्या घरांचा चौथा हिशेब मी विसरलेले नाही. पगार एक तारखेला, विमा, भविष्यनिर्वाह निधी, पोस्टातलं आवर्ती खातं. बचत म्हणजे काय हे आपल्याला पाठ्यपुस्तकाने शिकवलं तसं शाळेतल्या संचयिकेनेही शिकवलं. महिन्याला आठ आणे, रुपया भरायचा, छोट्या पासबुकात नोंद व्हायची. माझ्या आयुष्यातलं पहिलं पासबुक तेच. आता एक गंमत सांगते. ते पासबुक सगळ्यांच्या हातात सारखंच होतं, पण परीक्षेनंतर पैसे परत मिळाले तेव्हा मनीऑर्डरच्या मुलांनी ते आईकडे दिले, आंब्याच्या मुलांनी कुणकेश्वरच्या जत्रेतली उधारी फेडली, आणि बंदरावरच्या मुलांनी सगळ्यांना भेळ खाऊ घातली. धडा एकच होता. प्रत्येकाने तो आपल्या घराच्या भाषेत वाचला.

हे सगळं मी बँकेत बसून पाहत होते तेव्हा मला वाटायचं, हे आपल्याच गावचं काहीतरी आहे. मग वाचताना लक्षात आलं की जगभर लोक याचा अभ्यास करतात. त्यातल्या दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत.

पहिली तमिळनाडूतली. आनंदी मणी, सेंदिल मुल्लैनाथन, एल्डर शफीर आणि जिआयिंग झाओ या चार संशोधकांनी तिथल्या ४६४ ऊस उत्पादकांची पाहणी केली. उसाचा पैसाही आंब्यासारखा वर्षातून एकदाच येतो. त्यांनी त्याच शेतकऱ्यांना तोडणीच्या आधी, हातात पैसा नसताना, आणि तोडणीनंतर, पैसा आल्यावर, बुद्धीची कोडी सोडवायला दिली. माणूस तोच, शिक्षण तेच. पण पैसा आल्यावर तो कोडी जास्त चांगली सोडवत होता. २०१३ मध्ये हे संशोधन छापून आलं. त्याचा साधा अर्थ असा की टंचाई माणसाच्या डोक्यातली जागा खाते. जो गरीब आहे तो चुकीचे निर्णय घेतो म्हणून गरीब आहे, असं आपण पटकन म्हणतो. प्रत्यक्षात टंचाईमुळेच कित्येक निर्णय बिघडतात. सप्टेंबरात उचलीच्या कागदावर सही करणारा बागायतदार आणि मे महिन्यात पेट्या भरणारा बागायतदार एकच असतो, पण सही करताना त्याच्या डोक्यात दहा देणी फिरत असतात.

दुसरी गोष्ट लहान मुलांची. अमेरिकेत एक जुना प्रयोग प्रसिद्ध आहे. मुलासमोर एक मिठाई ठेवायची आणि सांगायचं, थोडा वेळ थांबलास तर दोन मिळतील. जी मुलं थांबली ती संयमी, असं लोक समजू लागले. मग २०१३ मध्ये सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सोपा बदल केला. आधी मुलांना रंगकामाचं चांगलं साहित्य आणून देतो असं सांगितलं. अर्ध्या मुलांना ते खरंच आणून दिलं, अर्ध्यांना "नाही मिळालं" असं सांगितलं. त्यानंतर मिठाई ठेवली. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांचा शब्द मोडला होता ती तीन मिनिटं. म्हणजे संयम हा मुलाच्या स्वभावात जेवढा असतो तेवढाच तो समोरच्यावरच्या विश्वासात असतो. ज्या मुलाने पाहिलंय की उद्या मिळणार म्हटलेलं मिळत नाही, त्याने आज खाणं हा शहाणपणा आहे. "तुझ्या बापाला शिल्लक टाकायची अक्कल नव्हती," असं कोणी म्हणतं तेव्हा मला ही तीन मिनिटं आठवतात.

घराबरोबर काळही शिकवतो. आपण कॉलेजात जात होतो तेव्हा, १ एप्रिल १९८८ला, पोस्टात किसान विकास पत्र सुरू झालं. साडेपाच वर्षांत पैसे दुप्पट. सरकारची हमी. आपल्या पिढीच्या डोक्यात हे इतकं पक्कं बसलं की पैसे पाचसहा वर्षांत दुप्पट होतात, हा जणू निसर्गनियम. आज त्याच किसान विकास पत्राला दुप्पट व्हायला ११५ महिने लागतात, म्हणजे साडेनऊ वर्षांहून जास्त. पण आपण मनात अजून साडेपाच वर्षंच धरून बसलोय. म्हणून कोणी पाच वर्षांत दामदुप्पट म्हणालं की आपल्या वयाच्या माणसाला ते खोटं वाटतच नाही. त्यात सांगायला येणारा आपला माणूस असतो, वाडीतला, भावकीतला, देवळात भेटणारा. जिथे दुकानदाराची वही आणि रापणीचा वाटा विश्वासावर चालतो, तिथे आपल्या माणसाकडे कागद मागणं म्हणजे अपमान. पीएसीएल या कंपनीची गोष्ट देशाला ठाऊक आहे. जमिनीच्या नावाखाली पाच कोटींहून जास्त लोकांकडून पैसे गोळा केले. २०१४ मध्ये सेबीने ४९,१०० कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला, आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला माजी सरन्यायाधीश लोढा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. ते पाच कोटी लोक सगळेच हावरट होते का? बहुतेकांनी आपल्या ओळखीच्या एजंटाच्या हातात पैसे दिले होते. पिढ्यान्‌पिढ्या गावाला तारणारी सवय दुसऱ्या जागी गेली आणि फसली.

मला आज खरं म्हणजे हेच सांगायचं आहे. आपल्या सवयींपैकी एकही सवय मुळात मूर्खपणाची नव्हती. मनीऑर्डरच्या घराची भीती, आंब्याच्या घराचा सैल हात, समुद्राच्या घराची वाटावाटी, आईने डब्यात लपवलेली नोट, प्रत्येकीला कारण होतं. कारण गेलं, सवय राहिली. गिरण्यांच्या जागी मॉल उभे राहिले, पण आपण अजून त्या सोमवारची वाट पाहतोय. आंबा २०२०च्या टाळेबंदीत बागेतून थेट मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांच्या दारात गेला, आपला दर आपण सांगता येतो हे दिसलं, तरी पुष्कळ बागायतदारांना आपल्या तोंडाने भाव सांगताना अजून लाज वाटते. पारंपरिक मनीऑर्डर २०१५ मध्ये बंद झाली, पैसे आता मोबाईलवर येतात, पण घरात कोण किती कमावतं हे अजून बायकोला माहीत नसतं.

याची किंमत काय, ते मी काउंटरवर पाहिलं आहे. नवरा गेल्यावर एक बाई पिशवीतून कागद काढतात आणि विचारतात, यातलं काय कुठलं? खातं कुठे होतं, वारस कोण लावला होता, कोणाला माहीत नसतं. देशभरात अशी दहा-दहा वर्षं कोणी हात न लावलेली खाती इतकी आहेत की एकट्या सरकारी बँकांनी फेब्रुवारी २०२३ पर्यंत अशा ठेवींचे सुमारे ३५,००० कोटी रुपये रिझर्व्ह बँकेकडे वर्ग केले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने उद्‌गम नावाचं पोर्टल काढलं, अशा ठेवी शोधण्यासाठी. इथून घरी गेल्यावर आईवडिलांच्या नावाने एकदा तिथे पाहा. आणि जमिनीचं तर विचारूच नका. सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं, त्यातली निम्मी हयात नाहीत. मुंबईचा भाऊ म्हणतो विकून टाकू, गावचा भाऊ म्हणतो माझ्या छातीवरून जा. मुंबईच्या भावाला वाटतं गावच्याला आयतं मिळालंय. गावच्याला वाटतं मुंबईच्याला कसली किंमत नाही. कोणी कोणाला हे सांगत नाही की तू मुंबईला गेलास तेव्हा इथली मनीऑर्डर तुझ्यामुळे आली, आणि मी इथे राहिलो तेव्हा आजीची काठी मी झालो. दोघांचाही वाटा आहे, फक्त तो कधी मोजला गेला नाही. आज या सभागृहात असे भाऊ बसलेत, मला नावं घ्यायची नाहीत.

तर तीन गोष्टी करू या का? मी विनंती करते.

एक, येत्या गणपतीत घरात सगळी जमली की मोठ्यांना विचारा, तुमच्या लहानपणी घरात पैसे कुठून यायचे आणि संपले की काय करायचे? हिशेब विचारू नका, गोष्ट विचारा. गोष्ट विचारली की माणूस मोकळा होतो. भावाभावांच्या वाटणीची बोलणी त्यानंतर करा, आधी नको.

दोन, एका वहीत घरची खाती, विमे, जमिनीचे गट क्रमांक, घेणी-देणी लिहा आणि ती वही कुठे आहे हे नवराबायको दोघांनाही आणि मोठ्या मुलाला किंवा मुलीला माहीत असू द्या. आपल्या आईने जे डब्यात ठेवलं ते लपवण्यासाठी होतं, तिची तेव्हा तशी गरज होती. आपल्या मुलींना ती गरज राहू नये.

तीन, ही विनंती शाळेला आणि आपल्या माजी विद्यार्थ्यांना मिळून. आठवी-नववीच्या मुलांसाठी वर्षातून एक दिवस ठेवू. त्यात बँकेची योजना सांगायची नाही. एका बागायतदाराने खरी पट्टी फळ्यावर मांडावी आणि मुलांनी विचारावं, हे वजा का? बंदरावरच्या एखाद्या काकीने वाटा कसा पडतो ते सांगावं. गिरणीतून परतलेला एखादा आजोबा अजून असेल तर त्याने १९८२ सांगावं. आणि आमच्यासारख्या कोणी, सही करायच्या आधी कागदावर काय वाचायचं ते दाखवावं. मुलांना आपल्या घराचा हिशेब कळला आणि शेजारच्या बाकाचाही कळला, तर ती मोठेपणी एकमेकांना कंजूस किंवा उधळे म्हणायच्या आधी क्षणभर थांबतील.

आमची मुलं आता वेगळ्याच गावांत वाढताहेत. त्यांच्या घरात पैसे दिसतच नाहीत, फोन दाखवला की वस्तू येते. त्यातून ती काय शिकताहेत हे वीस वर्षांनी कळेल. तोवर आपलं काय ते त्यांना सांगून ठेवू. बाबांना नोकरी गेल्यावर गावाने वही बंद केली नाही, हे माझ्या मुलाला माहीत आहे. त्याच्या ऑफिसातला एक मुलगा कामावरून कमी झाला तेव्हा त्याने तीन महिने त्याचं भाडं भरलं आणि मला नंतर सांगितलं. मी त्याला पैसे वाचवायला कधी शिकवू शकले नाही, त्याचा हात त्याच्या आजोबांच्या बागेवर गेलाय. पण ही गोष्ट त्याच्यापर्यंत पोचली, यात मला समाधान आहे.

पंचवीस मिनिटं झाली, समितीचे लोक घड्याळ दाखवताहेत. बाई, सर, तुम्ही आम्हाला त्रैराशिक शिकवलंत, सरळव्याज शिकवलंत, त्यावर माझी तीस वर्षं नोकरी झाली. आणि सहलीच्या वर्गणीचा जो हिशेब तुम्ही कधी मागितला नाहीत, त्यावर बाकीचं आयुष्य.